पानगळीच्या रंगांची पट्ट्यांची वाकळ

वाकळ शिवायला घ्यायची तर डिसेंबर-जानेवारीतच घ्यावी. पाच थरांचं कापड मांडीवर घेऊन मे महिन्यात बसणं ही शिक्षाच, आणि पावसाळ्यात आमच्याकडे साधा टॉवेल वाळायची मारामार, तिथं धुतलेल्या चिंध्या कधी वाळायच्या? आमचं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. भाताची सुगी आटोपली की कोरडी थंडी पडते, खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. असल्या दिवसांत गच्चीवर उन्हाला पाठ करून बसलं की काम उरकतं आणि शिवून झालेला भाग पायांवर पांघरायलाही होतो.

चिंध्यांची वाकळ म्हटली की जो तो रंगांच्या मागं लागतो. मला विचाराल तर रंग नंतर. आधी कापडात दम आहे का ते बघायचं आणि मग गडद-उजळ वाटणी नीट करायची. ही दोन कामं जमली तर रंग कुठलेही असोत, वाकळ उठून दिसते. ती चुकली तर महागातल्या कापडाचीसुद्धा पोतेरी दिसते.

इथं सांगते ती एका माणसाच्या पांघरुणाची वाकळ. १० इंची ४८ चौकोन, आडवे ६ आणि उभे ८, भोवती साडीच्या काठाची पट्टी. तयार झाल्यावर ती साधारण साडेपाच फूट रुंद आणि सव्वासात फूट लांब होते. चौकोन मशीनवर शिवायचे, थर मात्र हातानं. पायमशीन असली तरी भागतं.

कापड कुठलं, किती

वरच्या पट्ट्यांसाठी किलोभर सुती चिंध्या लागतील. त्यातल्या सगळ्या वापरल्या जाणार नाहीत, पण निवडायला वाव हवा. घरातल्या जुन्या साड्या, परकर, सुती शर्ट, पडदे आहेतच. कमी पडलं तर गल्लीतल्या टेलरकडं जा. लग्नसराईच्या आधी त्यांच्या टेबलाखाली चिंध्यांची पोती भरलेली असतात. "वैनी, न्या की सगळं, पण निवडत बसू नका हितं," असं ऐकावं लागतं, कारण पोतं उपसलं की दुकानभर पसारा होतो. सगळं घरी आणावं आणि अंगणात ओतून निवडावं. ब्लाऊजच्या चिंध्या आकारानं लहान असल्या तरी लांबट असतात, आणि आपल्याला पट्ट्याच हव्यात. विकतच आणायचं असेल तर खडेबाजारात कटपीस मिळतात. पण सगळंच नवं कापड घेऊ नका, वाकळ कडक होते आणि अंगाला बिलगत नाही.

याशिवाय लागतं ते असं: चौकोनांच्या अस्तराला एक जुनी सुती पाचवारी, आतल्या भरणाला आणखी दोन, मागच्या बाजूला एक जरा बरी साडी, आणि मधल्या पट्टीसाठी एकाच फिक्या रंगाचं साधं सुती कापड दीड मीटर.

कापड सुती आहे की नाही याची शंका आली तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि मोरीजवळ काडी लावून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख बोटानं चुरते. टेरिकॉट, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक गोळी होते. असलं कापड बाजूला ठेवा. ते घसरतं, इस्त्रीखाली आखडतं, आणि अंगावर घेतलं की घाम शोषत नाही.

पुढं दमाची परीक्षा. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून उभ्या आणि आडव्या धाग्यावर ताणा. टर्र असा बारीक आवाज आला तर ते वर लावू नका, आत भरणाला घाला. उजेडासमोर धरलं की विरलेली जागा लगेच कळते. साड्या मांडीच्या आणि बसण्याच्या जागी आधी विरतात, म्हणून मध्ये विरलेल्या साडीचेही काठाजवळचे लांब तुकडे धड निघतात.

निवडलेलं सगळं कापड धुऊनच घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते न धुता जुन्याशेजारी शिवलं तर नंतर जुनं कापड फुगून वर येतं. लाल, डाळिंबी, गडद चॉकलेटी कापडं वेगळी भिजवा आणि ओली असताना पांढऱ्या फडक्यानं चोळून बघा. फडकं रंगलं तर पुन्हा धुवा. मीठ घालून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, त्यावर विसंबू नका. तीन-चार धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते कापड या वाकळीत नको.

इरकल आणि खणाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. आमच्या भागात प्रत्येक घरात एखादी आज्जीची इरकल असतेच, आणि तिचा लाल पदर बघून पट्ट्या कापायचा मोह होतो. इरकलचं अंग सुती असेल तर खुशाल वापरा. पदर आणि काठ मात्र बहुधा रेशमाचे नाहीतर आर्टसिल्कचे असतात. जुने झाले की घडीवर चिरतात आणि कापले की कडेनं धागे सुटत राहतात. त्यांच्या पट्ट्या नेहमीपेक्षा अर्धा इंच रुंद घ्या, मार्जिनही जास्त सोडा. गुळेदगुड्डच्या खणाचंही तसंच. कशिद्याचं भरतकाम असलेली साडी मात्र, कितीही फाटली असली तरी, पट्ट्यांसाठी कापू नका. हातानं भरलेला कशिदा मशीनच्या टिपेखाली चिरडायला माझं मन होत नाही. तो तुकडा अख्खा ठेवून उशीवर लावता येतो.

रंगांची वाटणी

पानगळ म्हटली की कॅलेंडरावरची परदेशी लाल-पिवळी झाडं डोळ्यांपुढं येतात. ती कशाला? आपल्याकडं थंडीत दिसणारे रंग घ्या. निपाणीकडच्या वाळल्या तंबाखूचा तपकिरी, संकेश्वरी मिरचीचा लाल, गुळाचा भुरा पिवळा, मळणी झालेल्या पिंजराचा फिका सोनेरी, खानापूर-जांबोटीच्या मातीचा तांबडा, सागाच्या गळलेल्या पानाचा करडा. हिरव्यापैकी फक्त वाळत आलेले घ्या, मेंदी किंवा शेवाळी. पोपटी आणि गुलाबी बाहेर.

आता ही कापडं रंगानुसार नाही, गडदपणानुसार तीन ढिगांत वाटा: गडद, मधली, उजळ. हे काम दिवसाउजेडी करायचं. रात्री ट्यूबलाइटखाली चॉकलेटी आणि डाळिंबी सारखेच दिसतात आणि सकाळी ढीग पुन्हा मोडावे लागतात. डोळे किलकिले करून बघितलं तरी फरक कळतो. त्याहून सोपं म्हणजे सगळे तुकडे सतरंजीवर पसरून फोनवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. फोटोत जे काळपट ते गडद, जे पांढुरकं ते उजळ. इथं बऱ्याच जणी चकतात: मिरचीचा लाल डोळ्याला झगझगीत वाटतो, पण फोटोत तो तपकिरीच्या बरोबरीनं काळा येतो. म्हणून त्याची जागा गडद ढिगात. उलट केशरी जवळजवळ नेहमी मधल्या ढिगात जातो.

बारीक फुलांचं, ठिपक्यांचं कापड लांबून एकाच रंगाचं दिसतं, ते कुठंही चालतं. मोठ्या पानाफुलांच्या कापडाच्या एकाच तुकड्यात गडद-उजळ दोन्ही येतात आणि वाटणी बिघडते. ते बारीक पट्ट्यांतच वापरा.

एक चिमूटभर गार रंगही हवा. सगळंच तांबडं-पिवळं असलं की नजर थकते. मोरपंखी किंवा निळ्याची एखादी पट्टी, तीही तीन-चार चौकोनांत मिळून एक, एवढीच. तिनं शेजारचा केशरी जागा होतो.

मधली पट्टी सगळ्या ४८ चौकोनांत एकाच कापडाची ठेवायची. पिंजराचा फिका रंग किंवा मोतिया, साधा, नक्षी नसलेला. बाकी सगळी खिचडी तिच्यावर तोललेली असते. इथं काटकसर करून दोन वेगळी मोतिया कापडं जोडाल तर फरक दारातून दिसेल.

कापणी आणि चौकोन

अस्तराच्या साडीचे साडेअकरा इंचाचे ४८ चौकोन कापा. ४५ इंच पन्ह्यात एका ओळीत तीन बसतात, म्हणजे १६ ओळी. एका पाचवारीत भागतं. मधल्या पट्ट्या २ इंच रुंद आणि १७ इंच लांब कापा. चिंध्यांच्या पट्ट्या दीड ते तीन इंच रुंद, मुद्दाम कमी-जास्त. लांबी असेल तेवढी. कडा पट्टी धरून सरळ करा, पण सगळ्या एकाच मापाच्या करत बसू नका. सगळ्या पट्ट्या सारख्या असल्या की वाकळ तयार चादरीसारखी दिसते.

अस्तराच्या चौकोनावर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत खडूनं तिरकी रेघ ओढा. मधली पट्टी सुलटी वर करून त्या रेघेवर बरोबर मध्ये ठेवा. तिच्यावर एक पट्टी उलटी, कडेला कड लावून ठेवा आणि पाव इंच मार्जिन सोडून तिन्ही थरांतून टीप मारा. पट्टी उघडून बोटानं घडी दाबा, वर इस्त्री फिरवा. मग तिच्या मोकळ्या कडेवर पुढची पट्टी उलटी ठेवायची, पुन्हा टीप, पुन्हा इस्त्री. कोपरा भरेपर्यंत असंच. एका बाजूला चार-पाच पट्ट्या लागतात. कोपऱ्याकडं लांबी कमी होत जाते, तिथं आखूड तुकडे जिरतात.

मधल्या पट्टीच्या एका अंगाला गडद ढीग, दुसऱ्या अंगाला उजळ. मधल्या ढिगातली एखाद-दुसरी पट्टी दोन्हीकडं घाला, पण एकच कापड दोन्ही अंगांना नको. कोपऱ्याचा शेवटचा तुकडा मात्र त्या अंगाचा पक्का हवा: गडद कोपरा खरंच गडद, उजळ कोपरा खरंच उजळ. चार चौकोन एकत्र येतात तिथं हेच कोपरे एकमेकांना भिडतात. कोपऱ्यावर अगदी अरुंद पट्टीही नको, ती शिवणीतच गडप होते.

शिवताना पट्टी ओढू नका. चिंध्या पुष्कळदा उरेबात, म्हणजे धाग्याला तिरक्या, कापलेल्या असतात आणि ओढल्या की लांबतात. अस्तर असतं ते याचसाठी, ते त्यांना धरून ठेवतं. शिवाय थंडीत एक थर जास्तीचा मिळतो.

आठ-दहा चौकोन एकदम लावणीला घ्या. सगळ्यांवर एकेक पट्टी शिवायची, मग सगळ्यांना एकदम इस्त्री. एकेका चौकोनासाठी मशीन आणि इस्त्रीत ये-जा करत राहिलात तर संक्रांत उलटून जाईल.

चौकोन भरला की उलटा करा, ११ इंचाचा पुठ्ठ्याचा साचा ठेवा आणि चारी बाजू कापून सारख्या करा. साच्याचे दोन कोपरे मधल्या पट्टीच्या बरोबर मध्यावर येऊ देत. इथं कातर तिरकी गेली की पुढं शिवणी जुळत नाहीत, त्यामुळं हे काम शिळोप्याच्या गप्पांत करू नका.

मांडणी आणि जोडणी

चार चौकोन घ्या आणि त्यांचे गडद कोपरे मध्ये एकत्र आणा. मधल्या फिक्या पट्ट्यांचा शंकरपाळ्याचा आकार तयार होतो आणि त्याच्या पोटात गडद भाग येतो. असे १२ गडद शंकरपाळे बसतात आणि त्यांच्या मधल्या जागेत उजळ शंकरपाळे आपोआप पडतात, कडेला ते अर्धे राहतात. सगळे ४८ जमिनीवर मांडून घ्या आणि खुर्चीवर उभं राहून वरून बघा. मिरचीचा लाल एकाच बाजूला गोळा झालेला असतो, तो नेहमीच होतो. पाच-सहा चौकोनांची अदलाबदल करा. त्याहून जास्त नाही, नाहीतर दिवस तिथंच जातो. जमलं की प्रत्येक चौकोनाला ओळीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टाचून ठेवा.

चौकोन अर्धा इंच मार्जिन सोडून जोडा. आधी आडव्या ओळी, मग ओळीला ओळ. एका ओळीच्या शिवणी इस्त्रीनं उजवीकडं पाडा, पुढच्या ओळीच्या डावीकडं, म्हणजे जोडावर सगळी जाडी एका जागी येत नाही. मधल्या पट्ट्या जिथं भिडतात तिथं आधी टाचणी, मग टीप. शेवटी साडीच्या काठाची ४ इंची पट्टी चारी बाजूंनी लावा. लांबच्या बाजू आधी, आखूड नंतर.

थर लावणं

मागच्या साडीचे ९१ इंचाचे दोन तुकडे करा, लांब कडेला लांब कड लावून जोडा आणि रुंदी ७१ इंच ठेवून कापा. वरच्या भागापेक्षा चारी बाजूंना दोन-दोन इंच जास्त राहील. भरणाचे दोन थर वरच्या भागाएवढेच. त्यांना जोड द्यावा लागला तर एका थराचा जोड उभा आणि दुसऱ्याचा आडवा येऊ द्या.

आत जुनं ब्लँकेट किंवा चादर घालायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. मी घालत नाही. सुई त्यातून निघता निघत नाही, टाके लांबट पडतात, आणि धुतलेली वाकळ वाळायला थंडीतही दोन-तीन दिवस घेते. वर, अस्तर, दोन भरणं आणि मागची बाजू असे पाच थर बेळगावच्या थंडीला पुरतात.

फरशी स्वच्छ पुसून मागची साडी उलटी पसरा, कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, पाट काहीही ठेवून ती ताणून घ्या. वर भरण, हातानं मधून कडेकडं सारखं करत. सगळ्यात वर पट्ट्यांचा भाग. मग मोठ्या टाक्यांची कच्ची शिलाई घाला, उभ्या-आडव्या, चार-चार इंचांवर. कमरेचं काम आहे हे. दोघी असल्या तर एका दुपारी होतं. कच्ची शिलाई गाळली तर मागच्या बाजूला चुण्या पडतात, आणि त्या सगळं शिवून झाल्यावरच दिसतात.

धावदोरा

वाकळीचा सगळा जीव इथं आहे. लांब, मजबूत, मोठ्या नेढ्याची सुई घ्या. दाभण नको, त्यानं कापडाला भोकं पडतात. दोरा जाड सुती, दीड हातापेक्षा लांब नाही. लांब घेतला की गुंततो आणि प्रत्येक टाक्यात घासून शेवटाला विरतो. मेणावरून एकदा ओढून घ्या. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, दोन दिवसांत सवय होते.

गाठ बाहेर ठेवायची नाही. सुई वरच्या थरातून आत घाला, ओळीच्या सुरुवातीला बाहेर काढा आणि दोऱ्याला हलका हिसका द्या. गाठ टप्पकन वरच्या कापडातून आत जाते आणि भरणात अडकून बसते. मग डावा हात वाकळीखाली ठेवायचा. सुईचं टोक खालच्या बोटाला टोचलं की सगळे थर पार झाले असं समजायचं आणि तिथूनच टोक वर वळवायचं. तीन-चार टाके सुईवर घेऊन मगच दोरा ओढा. टाका पाव इंचाचा, वर जेवढा तेवढाच खाली. मधून मधून वाकळ उलटून बघा. मागं टाके तुटक दिसत असतील तर सुई तिरकी जातेय.

ओळी इंचाइंचावर, लांबीच्या दिशेनं. सगळ्या मिळून १६० वारांच्या वर धाव होते, तेव्हा दोरा २०० वार तरी एकाच रंगाचा आणून ठेवा. पिंजराचा किंवा गुळाचा रंग गडद-उजळ दोन्हींवर शोभतो. दोन इंचांवर ओळी घातल्या तरी थर धरून राहतात, पण जुन्या साड्यांचं भरण काही वर्षांत आत सरकून गोळा होतं. सुरुवात मधल्या ओळीपासून करा आणि एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असं कडेकडं जा. उरलेला सैलपणा बाहेर ढकलला जातो.

खानापूर तालुक्यात आणि पुढं हल्याळ-यल्लापूरकडं सिद्दी समाजाच्या बायका कौदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात, त्यांची रीत बरोबर उलटी. त्या कडेपासून सुरू करून फेर घेत आत मध्याकडं येतात. त्यांना ते जमतं कारण त्या वरचा भाग आधी जोडत नाहीत. एकेक तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, धावदोऱ्यानं तिथंच बसवायचा आणि पुढं सरकायचं. सैलपणा पुढच्या तुकड्यात जिरतो. आपला वरचा भाग आधीच शिवलेला आहे, म्हणून कडेनं सुरू केलं तर मध्ये फुगा येणारच. त्यांच्याकडून घ्यायची ती कोपऱ्याची फुलं: घड्या घातलेल्या कापडाचे थर कोपऱ्यांवर शिवतात, त्यांना त्या ‘फुला’ म्हणतात. आपल्या वाकळीलाही उरलेल्या मिरची-लाल कापडाची चार फुलं छान दिसतील.

थंडीनं बोटं आखडतात तेव्हा हात शेका, पण तेल लावून शिवायला बसू नका. खोबरेलाचा डाग मोतिया पट्टीवरून सहजासहजी जात नाही. एका बैठकीत दोन-तीन ओळी पुष्कळ झाल्या. रात्री गडद भागावरचे टाके नीट दिसत नाहीत, तेव्हा उजळ भागावर बसा.

कड, धुणं, डागडुजी

ओळी संपल्या की कच्ची शिलाई उसवा. मागच्या साडीचा जास्तीचा भाग दोनदा दुमडून पुढं घ्या आणि बारीक टाक्यांनी बसवा. कोपरे तिरके दुमडा.

पहिलं धुणं गार पाण्यात, एकटीच वाकळ, सोबत एक पांढरं फडकं. फडक्यावर रंग उतरला तर लगेच दुसऱ्या पाण्यातून काढा, तशीच ओली पडू देऊ नका. पिळायला दोन माणसं लागतात. दोरीवर मध्यावर न टाकता दोन दोऱ्यांवर पसरून, उलटी बाजू उन्हाकडं करून वाळवा. पावसाळ्यात ठेवून द्यायची तर आधी एक दिवस कडक ऊन दाखवा आणि घडीत कडुनिंबाचा वाळका पाला फडक्यात बांधून घाला.

सगळ्यात आधी झिजते ती गळ्याजवळची कड. तिथं लावायला काठाचं हातभर कापड आणि त्याच दोऱ्याचं अर्धं रीळ आताच बाजूला काढून ठेवा. कड विरली की जुनी न उसवता तिच्यावरूनच नवी पट्टी दुमडायची आणि धावदोरा आधीच्या ओळींना जोडून घ्यायचा.